‘ब’ कावीळ, ‘ई’ प्रथिन आणि बाळाचे पहिले चोवीस तास

संस्थेच्या वर्षभराच्या कार्याच्या वृत्तांताबरोबर एखाद्या व्याधीविषयी सोप्या भाषेत शास्त्रीय माहिती द्यावी, असा आपल्या वार्षिक अहवालाचा प्रघात आहे. या वर्षी त्यासाठी ‘ब’ प्रकारची कावीळ, म्हणजेच हिपॅटायटिस बी, हा विषय निवडला आहे. त्याला निमित्त आहे प्रसूती विभागात वरचेवर घडणाऱ्या एका प्रसंगाचे.

गरोदरपणातील रक्ततपासणीत मातेच्या शरीरात ‘ब’ काविळीचा विषाणू आढळलेला असतो. तिला स्वतःला कसलाही त्रास नसतो. प्रसूती सुखरूप होते. बाळ गुटगुटीत असते, चांगले रडते, दूध ओढते. अशा वेळी परिचारिका बाळाच्या दोन्ही मांड्यांत एकेक इंजेक्शन देण्यासाठी येते आणि आजीच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो, ‘‘बाळ तर ठणठणीत आहे. आज जन्मलेल्या जिवाला दोन-दोन सुया कशाला? बारसं होऊ दे, जरा बाळसं धरू दे, मग दिल्या तर चालणार नाहीत का?’’

हा प्रश्न मायेपोटी आलेला असतो. ‘तसा नियम आहे’ एवढेच उत्तर देऊन त्याची बोळवण करणे योग्य नव्हे. बाळ ठणठणीत दिसते हे खरेच आहे. परंतु या आजारात धोका असतो तो नेमका त्या ठणठणीत दिसण्यातच. असे का, याचे उत्तर विषाणूच्या एका लहानशा प्रथिनाच्या अभ्यासातून गेल्या पन्नास वर्षांत हळूहळू उलगडत गेले आहे. प्रस्तुत लेखात ते मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

वयाचा उलटा हिशेब

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांनी अनेक बाळांचे अंग पिवळसर दिसते. ती नवजात बालकांची सर्वसाधारण कावीळ असून तिचा या विषाणूशी संबंध नसतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळही वेगळी. ती ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारच्या विषाणूंमुळे होते. ‘ब’ काविळीचा विषाणू रक्तातून, दूषित सुयांतून, शरीरसंबंधातून आणि मातेकडून बाळाकडे प्रसूतीच्या वेळी पसरतो. एका ताटात जेवल्याने, एकत्र राहिल्याने किंवा बाळाला जवळ घेतल्याने तो पसरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू कायमचा वस्तीला होता आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख लोक त्याच्या परिणामांनी दगावले. भारतातील बाधितांची संख्या तीन कोटींच्या जवळपास होती. यांपैकी बहुसंख्य लोकांना आपल्या शरीरात असा विषाणू आहे, याची कल्पनाही नसते.

या आजाराचा वयाशी असलेला संबंध मोठा विलक्षण आहे. धडधाकट प्रौढ माणसाला विषाणूची लागण झाली, तर शंभरांपैकी पंच्याण्णव किंवा त्याहून अधिक जण साधारण सहा महिन्यांत तो शरीराबाहेर घालवतात. त्यांतील काहींना कडक कावीळ होते, ताप येतो, अन्नावरची वासना उडते. परंतु ते बरे होतात. एक ते पाच वर्षांच्या बालकांत मात्र सुमारे तीस टक्क्यांच्या शरीरात विषाणू कायम राहतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय त्या बाळांना बहुधा कावीळही होत नाही आणि तापही येत नाही.

वरवर पाहता हे कोडे वाटते. त्याचे उत्तर असे की, हा विषाणू यकृताच्या पेशींत शिरून स्वतःच्या प्रती काढतो, पण त्या पेशींना सहसा स्वतः मारत नाही. यकृताची हानी होते ती आपल्या शरीरातील प्रतिकारपेशी बाधित यकृतपेशींवर हल्ला करतात तेव्हा. म्हणजे प्रौढाची कावीळ ही लढाई चालू असल्याची खूण असते. बाळाच्या शरीरात शांतता असते, कारण तेथे लढाईच सुरू झालेली नसते. ही शांतता वीस-तीस वर्षे टिकू शकते. पुढे केव्हातरी प्रतिकारशक्ती जागी होते आणि अर्धवट लढाया सुरू होतात. त्यांतून यकृतावर वण पडत जातात, सिरॉसिस होतो, यकृताचा कर्करोग उद्भवतो. अर्भकावस्थेत लागण होऊन विषाणू कायम राहिलेल्या व्यक्तींपैकी साधारणपणे चौघांमागे एकाचा अकाली मृत्यू या कारणांनी होतो. तो बहुतेकदा ऐन कर्तेपणाच्या वयात होतो.

विषाणूची तीन प्रथिने

अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लूमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तद्रवात एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ साली त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नावाने प्रसिद्ध केले. ते ‘ब’ काविळीच्या विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन आहे, हे पुढे सिद्ध झाले. या कार्यासाठी ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. १९७० साली लंडनमध्ये डेव्हिड डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण विषाणू दिसला. तो इतका सूक्ष्म आहे की, एका मिलिमीटरच्या लांबीत सुमारे चोवीस हजार विषाणू ओळीने मावतील.

बाहेरच्या आवरणाच्या प्रथिनाला ‘एस’ प्रथिन म्हणतात. रुग्णाच्या अहवालावर ‘एचबीएस एजी’ असे जे लिहिलेले असते, ते हेच. आवरणाच्या आत विषाणूचे जनुकद्रव्य सांभाळणारी एक पेटी असते. ती ‘सी’ प्रथिनाच्या विटांनी रचलेली असते. १९७२ साली स्वीडनमधील मॅग्नियस आणि एस्पमार्क या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तात तिसरे प्रथिन शोधून काढले. तेच ‘ई’ प्रथिन, अहवालावरील ‘एचबीई एजी’. आपल्या लेखाचा विषय हे प्रथिन आहे.

‘ई’ आणि ‘सी’ ही एकाच जनुकातून निघालेली भावंडे होत. विषाणूचा संपूर्ण जनुकसंच अवघा सुमारे ३,२०० अक्षरांचा आहे. माणसाचा सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा असतो. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर संसार करावयाचा, तर तोच मजकूर निरनिराळ्या ठिकाणांपासून वाचून काटकसर करावी लागते. जनुकाचे वाचन ठरावीक ठिकाणापासून सुरू झाले की ‘सी’ प्रथिन तयार होते. तेच थोडे आधीपासून सुरू झाले की सुरुवातीला एक जादा तुकडा जोडला जातो. हा तुकडा पेशीच्या यंत्रणेला ‘हा माल बाहेर पाठवा’ असे सांगतो. मग त्या प्रथिनाची काटछाट होऊन ते रक्तात सोडले जाते, आणि हेच ‘ई’ प्रथिन होय. थोडक्यात, ‘सी’ ही पेटीच्या भिंतीत बसणारी वीट. ‘ई’ ही जवळजवळ तशीच वीट, पण भिंतीत न बसता रक्ताबरोबर शरीरभर फिरणारी.

मग तिचा विषाणूला उपयोग काय? १९८९ साली असे प्रकार वर्णन करण्यात आले की, ज्यांत जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे ‘ई’ प्रथिन तयारच होत नाही. तरीही हे विषाणू व्यवस्थित वाढतात आणि रोगही करतात. अर्थात विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी ‘ई’ची गरज नाही. तरीसुद्धा अमेरिकेतील वुडचक या खारीच्या कुळातील प्राण्यात आणि बदकांत आढळणाऱ्या याच कुळातील विषाणूंनीही हे प्रथिन जपून ठेवले आहे. एकेक अक्षर जपून वापरणाऱ्या या कुळाने निरुपयोगी वस्तू एवढा काळ सांभाळली असेल, हे संभवत नाही. तिचा उपयोग विषाणूच्या घडणीत नसेल, तर तो यजमानाच्या शरीरात असला पाहिजे.

‘आपले’ आणि ‘परके’

गर्भाची प्रतिकारयंत्रणा घडत असते तेव्हा तिला सर्वांत आधी एक धडा शिकावा लागतो. स्वतःच्या शरीरावर हल्ला करावयाचा नाही, हा तो धडा. त्या काळात जे जे पदार्थ समोर येतात, ते ‘आपले’ म्हणून नोंदले जाण्याची शक्यता असते. पीटर मेडावर आणि त्यांचे सहकारी बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी १९५३ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातकुळीच्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर ते पिल्लू मोठेपणी त्या जातकुळीची त्वचा विनातक्रार स्वीकारते. या गुणधर्माला प्रतिकार-सहिष्णुता म्हणतात. मेडावर यांना १९६० मध्ये बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

संपूर्ण विषाणूला निरोगी वार सहसा ओलांडता येत नाही. बाळाला लागण होते ती बहुतांशी प्रसूतीच्या वेळी, मातेच्या रक्ताशी आणि स्रावांशी संपर्क आल्यामुळे. ‘ई’ प्रथिन मात्र लहान आणि विरघळणारे असल्याने वार ओलांडून गर्भाच्या रक्तात पोहोचू शकते. तेव्हा असा तर्क पुढे आला की, विषाणू येण्यापूर्वीच त्याचे हे प्रथिन बाळाच्या प्रतिकारयंत्रणेशी ओळख करून घेत असावे.

कॅलिफोर्नियातील ला होया येथे डेव्हिड मिलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या तर्काची उंदरांवर परीक्षा घेतली. ज्यांच्या शरीरात ‘ई’ प्रथिन तयार होते अशा माद्या त्यांनी घेतल्या आणि ज्या पिल्लांना त्याचे जनुक मिळालेले नव्हते, अशी त्यांची पिल्ले तपासली. त्या पिल्लांच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील शत्रू ओळखणाऱ्या पेशी, ‘ई’ प्रथिनाला प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. इतकेच नव्हे, तर त्याचे भावंड असलेल्या ‘सी’ प्रथिनालाही त्यांचा प्रतिसाद उरला नव्हता. दोन्ही विटा जवळजवळ सारख्याच असल्यामुळे एकीची सवय झाली की दुसरीही परकी वाटत नाही, असा याचा अर्थ.

२०१६ साली लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी यापुढचे पाऊल टाकले. यकृतात कुफर पेशी नावाच्या भक्षक पेशी असतात. त्या रक्तातून येणाऱ्या परक्या वस्तूंवर पहारा ठेवतात. मातेच्या ‘ई’ प्रथिनाशी परिचय झालेल्या उंदराच्या पिल्लांत या पहारेकऱ्यांची वृत्तीच पालटलेली आढळली. विषाणूचे जनुकद्रव्य यकृतात आल्यावर धोक्याची सूचना देण्याऐवजी त्यांनी मारक टी पेशींना आवर घातला आणि विषाणू टिकून राहिला. त्या कुफर पेशी काढून टाकल्या, तेव्हा टी पेशी जाग्या झाल्या व विषाणूचा निकाल लागला.

माणसांत काय दिसते?

हे सारे प्रयोग उंदरांवरचे आहेत आणि उंदराला हा विषाणू निसर्गतः होत नाही. म्हणून माणसांतील निरीक्षणांना वेगळे महत्त्व आहे. मातेच्या रक्तात ‘ई’ प्रथिन असेल, तर त्या मातेचे बाळ बाधित होण्याचा संभव फार मोठा असतो, हे १९७० च्या दशकात जपान व तैवानमधील अभ्यासांतून पुढे आले. कोणतेही प्रतिबंधक उपाय न केल्यास अशा मातांच्या ७० ते ९० टक्के बाळांना लागण होते. ‘ई’ प्रथिन नसलेल्या मातांच्या बाबतीत हे प्रमाण १० ते ४० टक्के असते. या फरकाचे एक सरळ कारण असे की, ‘ई’ असलेल्या मातेच्या रक्तात विषाणूंची संख्याही बहुधा फार मोठी असते.

दुसरे निरीक्षण अधिक बोलके आहे. ‘ई’ नसलेल्या मातेकडून लागण झालेली काही बाळे वयाच्या दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या सुमारास अतिशय तीव्र काविळीने आजारी पडतात. क्वचित ती दगावतातही. येथे प्रतिकारयंत्रणेला विषाणूची पूर्वओळख झालेली नसते आणि ती सर्व बळानिशी त्याच्यावर तुटून पडते. म्हणून ‘आईचा ई अहवाल निगेटिव्ह आहे, आता काळजी नाही’ असे कोणीही समजू नये.

या सिद्धान्तालाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१५ साली सिंगापूरमधील संशोधकांनी बाधित मातांच्या नवजात बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, तेव्हा त्यांतील प्रतिकारपेशी सुस्त नव्हे, तर काही बाबतींत अधिक पक्व व सज्ज आढळल्या. ‘सहिष्णु अवस्थेत’ गणल्या जाणाऱ्या तरुण रुग्णांतही विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या आहेत. तेव्हा बाळाची प्रतिकारशक्ती सरसकट दुबळी असते, असे म्हणता येणार नाही. तिची गाफिली असलीच तर ती मुख्यतः ‘ई’ आणि ‘सी’ या प्रथिनांपुरती असते. आणि नेमकी हीच बाब आपल्या उपयोगाची आहे.

लस का चालते आणि घाई कशासाठी?

‘ब’ काविळीची लस ‘एस’ प्रथिनापासून, म्हणजे विषाणूच्या बाह्य आवरणापासून बनवलेली असते. आज ती यीस्टच्या पेशींत तयार करतात. भारतीय बनावटीची अशी लस १९९७ पासून उपलब्ध आहे. मातेच्या ‘ई’ प्रथिनाने बाळाला काही शिकवून ठेवले असले, तरी ‘एस’बद्दल ते काही शिकवत नाही. बाळाची प्रतिकारयंत्रणा लशीला परकी म्हणूनच ओळखते आणि तिच्याविरुद्ध उत्तम प्रतिपिंडे तयार करते. विषाणू ज्या प्रथिनाच्या ओळखीवर आत शिरून टिकू पाहतो, ते सोडून लस दुसऱ्याच प्रथिनाच्या द्वारे बाळाला सावध करते.

परंतु प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात आणि विषाणू तर प्रसूतीच्या क्षणीच येऊन पोहोचलेला असतो. ही मधली फट बुजवण्यासाठी दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन देतात. त्यात तयार प्रतिपिंडे असतात. ती रक्तातील विषाणूंना यकृतपेशींत शिरण्यापूर्वीच अडवतात. एकदा विषाणू यकृतात स्थिरावला की लस किंवा तयार प्रतिपिंडे त्याला हुसकावू शकत नाहीत. म्हणूनच बारशापर्यंत थांबता येत नाही. शक्यतो बारा तासांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत ही दोन्ही इंजेक्शने दिली पाहिजेत. त्यानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट लशीतून पुढील मात्रा मिळतात. हे सारे वेळेवर झाले, तर ‘ई’ प्रथिन असलेल्या मातांचीही सुमारे नव्वद टक्के किंवा अधिक बाळे वाचतात. ज्या मातांच्या रक्तात विषाणूंची संख्या फार मोठी असते, त्यांना गरोदरपणातच टेनोफोव्हिरच्या गोळ्या दिल्या जातात. त्यामुळे उरलेला धोकाही पुष्कळ कमी होतो.

याचे फळ काय मिळते, हे तैवानने दाखवून दिले आहे. तेथे जुलै १९८४ मध्ये बाधित मातांच्या बाळांपासून लसीकरणास प्रारंभ झाला आणि दोन वर्षांनी ते सर्व नवजात बालकांसाठी सुरू झाले. तैपेईमधील मुलांत विषाणू आढळण्याचे प्रमाण १९८४ मधील ९.८ टक्क्यांवरून १९९४ मध्ये १.३ टक्क्यांवर आले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१–८६ या काळात दर लाखामागे ०.७० होते, १९९०–९४ मध्ये ते ०.३६ वर उतरले. लशीने कर्करोग टळू शकतो, याचा हा पहिला मोठा पुरावा होता. आपल्या देशातही २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व उपचारांची मोफत सोय करण्यात आली आहे.

कुटुंबीयांसाठी चार शब्द

प्रत्येक गरोदर स्त्रीने ‘ब’ काविळीची रक्ततपासणी पहिल्या तिमाहीतच करून घ्यावी आणि तिचा कागद प्रसूतीच्या वेळी बरोबर आणावा. इंजेक्शने दिल्यानंतर माता बाळाला निर्धास्तपणे अंगावर पाजू शकते. बाधित मातेच्या बाळाची रक्ततपासणी साधारणतः नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान करावी, त्यापूर्वी नको. मातेकडून आलेले ‘ई’ प्रथिन निरोगी बाळाच्या रक्तातही काही काळ राहते आणि लशीनंतर लगेच केलेली तपासणीही फसवी ठरू शकते; त्यामुळे घाईने केलेल्या तपासणीतून विनाकारण घबराट होते. घरातील इतरांनी, विशेषतः पतीने, तपासणी करून लस घ्यावी. कावीळ उतरवून घेणे, माळ घालणे किंवा गावठी औषध देणे यांनी हा विषाणू जात नाही; काही औषधांनी यकृताला उलट अपायच होतो.

आणखी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. अहवाल हाती येताच सुनेकडे संशयाने पाहिले जाते, तिचे ताट-वाटी वेगळे केले जाते, माहेरी निरोप जातात. हा तिच्यावर घोर अन्याय आहे. अनेकदा तिला हा विषाणू तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी, तिच्या आईकडून मिळालेला असतो. आणि तिच्या आईलाही तो तसाच मिळालेला असू शकतो. त्या काळी पहिल्या चोवीस तासांत देण्यासाठी काही उपलब्धच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही साखळी जिच्या बाळापाशी तुटू शकते, अशी ती बहुधा त्या घरातील पहिलीच माता असते. तिला दोष न देता धीर देणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे.

शेवटी आमच्या देणगीदारांस आणि विश्वस्तांस एक निवेदन. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच ठेवावी लागते. ती गोठली तरी निकामी होते. इम्युनोग्लोब्युलिन लशीपेक्षा पुष्कळ महाग असते आणि बाळे कार्यालयीन वेळ पाहून जन्मत नाहीत. दिवाळीच्या रात्री अडीच वाजता जन्मलेल्या बाळासाठी शीतकपाट चालू असणे, त्यात ही दोन औषधे असणे आणि ती देणारी प्रशिक्षित परिचारिका कामावर असणे, एवढ्यावर एका माणसाचे पुढचे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. अशा साहाय्याचे छायाचित्र काढता येत नाही, त्यावर नावाची पाटीही लावता येत नाही. ज्याचा आजार टळला, त्याला तो टळला हे आयुष्यभर कळतही नाही. तरीही आपण सर्व जण हे साहाय्य सातत्याने करीत आला आहात.